तपासणीआधी हमी

कारखान्यातील आरोग्ययोजना फसली की मालकवर्ग खर्चाकडे बोट दाखवतो. खर्च खरा, परंतु खरी अडचण निराळी आहे. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आज छातीत गेली, तर रोग उमटायला अनेकदा २०-३० वर्षे लागतात. तोवर कंत्राटी कामगार चार कारखाने फिरलेला असतो. म्हणूनच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील आरोग्यनोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर, जपण्याचा आदेश मालकांना दिला. पण क्ष-किरण चित्रात डाग दिसताच रोजी जाणार असेल, तर कामगार दवाखान्याची पायरी चढेल कशाला? पर्यायी काम व पूर्ण वेतन यांची हमी आधी, तपासणी नंतर, हीच संघटनेची पहिली मागणी असली पाहिजे.