पर्वतीच्या पायथ्याचं जपान
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सुट्टीत जपान पाहून आलेल्या लोकांच्या गोष्टी आपण ऐकतो. तिथली स्वच्छता, तिथला शांतपणा, चेरीचा बहर. ऐकून आपल्यालाही वाटतं, बुद्धाचा धम्म जिथं पोहोचला तो देश एकदा बघावा. पण आम्ही गिरणीत साच्यावर उभं राहून पोट भरणारी माणसं. विमानाचं भाडं ऐकूनच आमची सहल संपते! तरी निराश होऊ नका. जपानचा एक तुकडा पुण्यातच आहे. सिंहगड रस्त्यावर, पर्वतीच्या पायथ्याशी, पु. ल. देशपांडे उद्यान. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानातलं शहर. तिथल्या 'कोराकुएन' या बागेच्या धर्तीवर ही दहा एकरांची बाग केली आहे. गेल्या सुट्टीत आपल्या विहारातली कुटुंबं डबे बांधून तिथं गेली होती. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी, आणि जे आले त्यांनीही पुन्हा विचार करावा म्हणून, चार शब्द सांगतो.

पहिली गोष्ट, ही बाग बघायची कशी? आपल्याला सवय अशी की बाग म्हणजे फुलांचे ताटवे, मधोमध कारंजं आणि लेकरांना झोपाळे. इथं तसं नाही. इथं हिरवळीचे उंचवटे आहेत, दगड आहेत, कालव्याचं पाणी ओढ्यासारखं बागभर फिरवलेलं आहे, त्यावर लहान पूल आहेत, तळ्यात मासे आहेत. वाट मुद्दाम वळणाची असते. दोन पावलं पुढं गेलं की देखावा बदलतो. सगळं एकदम दाखवायचं नाही, अशी जपानी रीत. आणखी एक रीत फार मोलाची. बागेबाहेरचा डोंगर ते बागेच्या देखाव्यात धरतात. त्याला 'उसना देखावा' म्हणतात. कोराकुएनमधून ओकायामाचा काळा किल्ला आणि मिसाओ डोंगर असा बागेचाच भाग होऊन दिसतो. आपल्याकडे पुढं हिरवळ आणि पाठीशी पर्वतीची टेकडी. ही टेकडी लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

ओकायामाशी आपलं नातं केवळ बागेचं नाही. 'ध्यान' हा आपला शब्द. तो चीनमध्ये जाऊन 'चान' झाला आणि जपानात जाऊन 'झेन' झाला. झेनची रिंझाई परंपरा इ.स. ११९१ मध्ये चीनहून जपानात आणणारे भिक्खू एइसाई ओकायामाच्याच मुलखातले. चहाचा प्रसारही त्यांनीच केला. ध्यानाला बसलं की झोप येऊ नये म्हणून भिक्खू चहा पीत. पुढं त्यातूनच जपानचा चहापानाचा विधी वाढला. आमच्या पाळीचा चहा उभ्या-उभ्या दोन घोटांत संपतो. त्यांचा चहा शांत बसून, भांड्याकडेही आदरानं बघून घेतला जातो.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, वा, काय सुंदर बौद्ध देश! पण बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्याला नुसतं बघायला नाही, विचारायला शिकवलं आहे. ही बाग कुणाची होती? आत कोण होतं आणि बाहेर कोण होतं?

कोराकुएन बांधली ओकायामाचे सरंजामदार इकेदा त्सुनामासा यांनी. काम १६८७ मध्ये सुरू झालं, १७०० मध्ये पुरं झालं. बाग त्यांच्या विसाव्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. रयतेला ठरावीक दिवशीच आत येता येई. आणि त्याच संस्थानात रयतेच्याही खाली ढकललेले लोक होते. मेलेली जनावरं ओढणारे, कातडं कमावणारे. त्यांच्या वस्त्या वेगळ्या. ओळखीचं वाटतं ना?

१८५५ मध्ये त्या संस्थानानं हुकूम काढला की या लोकांनी नक्षीचं कापड वापरायचं नाही. कच्च्या पर्सिमन फळाच्या रसात रंगवलेलं किंवा साधं निळं कापडच अंगावर घालायचं. म्हणजे लांबूनच कळावं, कोण आला! कापड विणणाऱ्या आम्हा माणसांना याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. साच्यावर सूत कुणाची जात विचारत नाही. जात चिकटवतो तो हुकूम काढणारा. पुढच्या वर्षी, १८५६ मध्ये, त्या वस्त्यांतली हजारावर माणसं एकत्र आली आणि उठाव झाला. हुकूम कागदावरच राहिला. पण बारा पुढाऱ्यांना कैद झाली आणि त्यातले सहा तुरुंगातच मेले.

आता महाड आठवा. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितलं की ज्यावरून जात ओळखू येते ती लुगडं नेसायची पद्धत सोडा, ते दागिने टाका. हजारो मैलांचं अंतर, भाषा वेगळी, पण कापडावरची लढाई एकच.

१८७१ मध्ये जपान सरकारनं कायद्यानं ही उतरंड मोडली. त्याच वर्षी त्या बागेला 'कोराकुएन' हे नाव मिळालं. अर्थ असा की आधी लोकांची काळजी, आनंद नंतर. १८८४ मध्ये बाग सर्वांना खुली झाली. लोकांचा आनंद खरोखरच फार नंतर आला! आणि त्या वस्त्यांचं दुःख कायद्यानं संपलं नाही. १९२२ मध्ये त्यांनी क्योतो शहरात 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. काही बौद्ध विहारांनी तर त्यांच्या मृतांना दिलेल्या धम्मनावातही हीनतेची खूण घातली होती. १९७५ मध्ये उघड झालं की त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांची पुस्तकं गुपचूप कंपन्यांना विकली जातात, नोकरी नाकारता यावी म्हणून.

आता पर्वतीकडे या. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी आपली माणसं याच टेकडीवरच्या देवळात प्रवेश मागायला गेली. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, आणि त्यांच्यासोबत एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुणही. दार उघडलं नाही. दगड मात्र आले, राजभोज जखमी झाले. आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी आपली लेकरं तिकीट काढून ताठ मानेनं बागेत जातात, तळ्याकाठी मासे बघतात. हे आपोआप झालेलं नाही.

म्हणून आमचं मागणं दोनच गोष्टींचं. बागेत जा, जरूर जा. कचरा टाकू नका, हिरवळ तुडवू नका, घटकाभर गप्प बसून पाण्याचा आवाज ऐका. सौंदर्य ही कुणा सरदाराची मिरास नाही, आपलाही त्यावर हक्क आहे. आणि परत निघताना टेकडीकडे बोट दाखवून लेकरांना १९२९ सांगा, ओकायामाचे ते सहा जण सांगा.

दुसरी गोष्ट कडू आहे. बुद्धाचं नाव घेणाऱ्या देशातही माणसाला वस्तीवरून ओळखलं गेलं. मग आपल्यात सोयरीक जमवताना कुणी हळूच पोटजात विचारतो, त्याला काय म्हणायचं? नुसता विहार बांधून भेद जात नाही, हे जपाननं आपल्याला दाखवलं आहे. विहाराच्या पायरीवर चप्पल काढतो, तिथंच पोटजातही काढून ठेवू या. फरक एवढाच की परत जाताना चप्पल घालायची आणि पोटजात तिथंच सोडायची.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!