घंटीवर कुणाचं नाव?

(सोलापुरात महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



तू जर्मनीत दोन वर्षं राहून आलीस, तिथल्या लोकांच्या रीतीभाती सांग, असं मला सांगण्यात आलं आहे. तिथून आल्यापासून मला सगळे एवढंच विचारतात की ते लोक खरंच घड्याळाच्या काट्यावर चालतात का, आणि भाजीभाकरी मिळते का. चालतात. आणि ज्वारीचं पीठ मी इथूनच नेलं होतं.

पण आज मला ह्या रीतीभातींकडे वेगळ्या नजरेने बघायचंय. कारण आपल्या मुली तिकडे निघाल्यात. पुण्यात नोकरी करणारा मुलगा जर्मनीला जातो, वर्षाभराने सुट्टी काढून येतो, पंधरा दिवसांत लग्न उरकतं आणि मुलगी विमानात बसते. २०२४ मध्ये तर महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे परिचारिका, वीजतंत्री असेही लोक जाणार, आणि त्यांच्यामागे बायका जाणार. मी राहिले ते ह्याच राज्यात, स्टुटगार्टजवळच्या एका गावात, नवऱ्याच्या नोकरीमुळे.

पहिली रीत घंटीची. तिथे इमारतीतल्या घरांना बहुधा नंबर नसतो. दाराशी घंट्यांची आणि पत्रपेट्यांची रांग, आणि प्रत्येकीवर आडनाव. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आणि त्या देशाचा सगळा कारभार अजूनही पत्रावर चालतो. दवाखान्याच्या विम्याचं कार्ड, कर क्रमांक, परदेशी नागरिकांच्या कचेरीतली भेटीची तारीख, सगळं पोस्टाने येतं. मी माझं माहेरचं आडनाव लावते. आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं होतं. माझं विम्याचं कार्ड दोनदा परत गेलं. शेवटी एका चिठ्ठीवर नाव लिहून मी चिकटपट्टीने लावलं. आमचे हे म्हणाले, अगं, किती वाईट दिसतंय. दिसू दे म्हटलं.

आपल्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना हे सांगायला नको. कामगार म्हणून ओळखपत्र स्वतःच्या नावाचं असलं की भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, घरकुल ह्यांच्या रांगेत उभं राहता येतं. नाव नवऱ्याचं असलं की तोच उभा राहतो.

आणि हे हक्क तिथल्या बायकांनाही कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत. युद्धानंतर त्यांची राज्यघटना लिहायला पासष्ट जण बसले, त्यांत बायका फक्त चार. त्यांच्यापैकी एलिझाबेथ झेल्बर्ट ह्या वकील बाईंनी ‘स्त्री-पुरुष समान आहेत’ हे वाक्य घालायचा आग्रह धरला. ते फेटाळलं गेलं तेव्हा देशभरातून बायकांच्या निषेधपत्रांचा पाऊस पडला आणि १९४९ मध्ये ते वाक्य घटनेत आलं. तरीही १९७७ पर्यंत कायदा म्हणत होता की संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. लग्नानंतर कुठलं आडनाव लावायचं ह्यावर एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच लागायचं. ते १९९१ मध्ये घटनापीठाने रद्द केलं. विवाहांतर्गत बलात्कार हा बलात्कार म्हणून गुन्हा ठरला १९९७ मध्ये. तिथे उशिरा का होईना, ठरला. आपल्याकडे २०२३ च्या नव्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याला सूट कायम ठेवली आहे.

दुसरी रीत झाडूची. त्या भागात एका आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना झाडायचा-पुसायचा असतो. त्याला केरवोखे म्हणतात. पाळी आली की दारावर एक पाटी येऊन लटकते. पहिल्यांदा पाटी आली तेव्हा मी पदर खोचून जिन्यात उतरले. खालच्या मजल्यावरचे सत्तरीचे आजोबा बघत होते. पुढच्या आठवड्यात पाटी त्यांच्या दारावर, आणि झाडू त्यांच्या हातात. मी ह्यांना बोलावून दाखवलं. त्यानंतर आमच्याकडे पाटी आली की वरचा जिना माझा, खालचा ह्यांचा. इथे परत आल्यावर मात्र झाडू पुन्हा माझ्याकडे आणि माझ्याकडून घरकामाच्या मावशींकडे गेला, हे कबूल करते. तिथे घरकामाला बाई ठेवणारे थोडे, आणि ठेवली तर तिची नोंद करून मालकाने वर्गणी भरावी असा नियम आहे. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, तेच तिलाही लागू. नोंद चुकवणारे तिथेही भरपूर आहेत. पण आपल्याकडे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्याखाली आपण स्वतःच्या घरातल्या बाईची नोंद केली आहे का, हे आज इथे हात वर करून सांगायला कोण तयार आहे?

तिथे सगळं छान आहे असं समजू नका. मूल लहान असताना कामावर जाणाऱ्या आईला त्यांच्याकडे शिवी आहे, राबेनमुटर, म्हणजे कावळ्याच्या जातीची आई. (बिचारा कावळा! आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतही त्याचीच बदनामी.) वर्षापुढच्या प्रत्येक मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण जागा मिळेल तेव्हा खरं. करातही मेख आहे. नवरा-बायको मिळून करवर्ग निवडतात. जास्त मिळवणारा तिसऱ्या वर्गात गेला की बायको पाचव्यात, आणि तिच्या पगारातून एवढा कर कापला जातो की ‘कशाला नोकरी करतेस?’ असं म्हणायला घरात सोयीचं कारण मिळतं. आमच्या ओळखीच्या दोन मराठी घरांत हेच झालं.

तिसरी रीत शांततेची. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते ओस. आपल्या गल्लीतली मुलगी, जिला सकाळी नळावरच्या भांडणानं जाग येते, तिला हा रविवार खायला उठतो. पण ह्याच रीतीची दुसरी बाजू ऐका. आवाज झाला की शेजारी पोलिसांना फोन करतात. तिथे २००२ पासून हिंसाविरोधी कायदा आहे आणि त्याचं घोषवाक्य आहे, ‘मारेल तो घराबाहेर जाईल’. पोलीस मारणाऱ्याला काही दिवसांसाठी घराबाहेर काढू शकतात. आपल्या २००५ च्या कायद्यातही राहत्या घराचा हक्क आहे, हिंसा करणाऱ्याला घर सोडायला लावायची तरतूद आहे. पण आपल्या केंद्रात येणारी बाई पिशवी घेऊनच येते. घर तिनेच सोडलेलं असतं.

आता जिच्यासाठी मी हे सगळं बोलतेय तिच्याकडे येते. तिला आपण सुमन म्हणू. बी.एस्सी. झालेली, आपल्याच शहरातली. दोन वर्षं दोन महिने जर्मनीत राहिली. घंटीवर तिचं नाव नव्हतं, बँकेत खातं नव्हतं. भाषाही नव्हती, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एरवी तिथे जाणाऱ्या पत्नीला थोडी जर्मन येणं सक्तीचं असतं. पण उच्चशिक्षित नोकरदारांना जे ब्ल्यू कार्ड मिळतं, त्यांच्या बायकांना ही अट माफ आहे. सवलत म्हणून सगळे खूश होतात. ती सवलत नवऱ्याला लवकर बायको मिळावी म्हणून आहे. बायको तिथे मुकी पोचते. खरं तर सोलापूरच्या बाईला भाषेची भीती वाटायचं कारण नाही. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, हे आपण न शिकता शिकतो. तिथे सहाशे तासिकांचा भाषावर्ग असतो. सुमनला तो आहे हेच कुणी सांगितलं नाही.

दिवाळीला नवऱ्याने तिला आणून सोडलं. चार महिने माहेरी राहा, आराम कर, मी तिकीट पाठवतो. राहण्याच्या परवान्याचं कार्ड ‘हरवेल’ म्हणून त्याने स्वतःकडे ठेवलं. ती आमच्याकडे आली तेव्हा नऊ महिने झाले होते.

इथे दोन आकडे लिहून घ्या. पहिला: जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की परवाना साधारणपणे आपोआप संपतो. ब्ल्यू कार्डवाल्याच्या कुटुंबाला ही मुदत बारा महिने आहे. दुसरा: तिथे नवरा-बायको म्हणून तीन वर्षं एकत्र राहिलेल्या बाईला नवऱ्यापासून वेगळी झाल्यावरही स्वतःच्या हक्काने राहता येतं. त्याआधी फक्त विशेष त्रासाच्या प्रकरणात. घरातली हिंसा त्यात धरतात, पण ती दाखवून द्यावी लागते. सुमनला दहा महिने कमी पडत होते. हे योगायोगाने झालं असेल, असं मला वाटत नाही.

परत जायचं की नाही हे तिने ठरवायचं होतं. पण तिच्याआधी कॅलेंडर ठरवत होतं. आई म्हणत होती, नांदायला पाठवा. भाऊ म्हणत होता, सोडून दे. सुमन तीन आठवडे काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, मला त्याच्याकडे जायचं नाही. पण माझी सर्टिफिकेटं आणि दागिने तिथे कपाटात आहेत, आणि मला टाकलं असं लोकांनी म्हणायला नको. मी सोडलं असं म्हणायचंय.’ १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हा बायका हेच सांगत होत्या. आता टाकून द्यायला विमान लागतं, एवढाच फरक.

आपण इथल्या कोर्टात अर्ज केला आहे. तिकडून त्याने एकतर्फी घटस्फोट आणला तरी घाबरायचं नाही. ज्या कोर्टापुढे बायको आपणहून गेली नाही आणि जिथे आपल्या विवाह कायद्यातलं कारण धरलं नाही, तो निकाल इथे मान्य होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलं आहे.

१९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. नवरा पुण्यात, आणि ह्या तिथे कवट्या मोजत संशोधन करत होत्या. डॉक्टरेट घेऊन आल्या. आज जाणाऱ्या आपल्या मुलीच्या व्हिसावर मात्र ती कुणाची तरी पत्नी एवढंच असतं. म्हणून जाण्याआधी तिच्या पदव्यांच्या प्रती आईकडे ठेवा, दागिने इथेच ठेवा, आणि पहिल्या महिन्यात तिला स्वतःचं बँक खातं उघडायला सांगा. तिथे मार खायची वेळ आली तर ११६ ०१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आहे. इंग्रजीतही बोलतात.

आता चहा येतोय. ज्यांच्या मुली किंवा सुना तिकडे आहेत त्यांनी जरा थांबा. तिकडे आत्ता सकाळ आहे. फोन लावा, परवान्याच्या कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, आणि कार्ड कुणाच्या कपाटात आहे तेही विचारा. तारखा आपण एकत्र बसून बघू.