एकविसावा दिवस



मयतीच्या कागदावर बोलायला सांगितल्यावर कुणाला फारसा उत्साह वाटत नाही. पण गेली काही वर्षं मी बीड जिल्ह्यात नवरा गेलेल्या बायकांचे अर्ज भरून द्यायचं काम करते, आणि बहुतेक अर्ज याच एका कागदावर अडतात. संजय गांधी निराधार योजना घ्या, घरातला कमावता माणूस गेल्यावर गरीब कुटुंबाला मिळणारे 20,000 रुपये घ्या, बँकेतले पैसे, विमा, सातबाऱ्यावर वारसाचं नाव. सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो, मृत्यूचा दाखला आहे का?

आपल्याकडे तिसऱ्या दिवसाची जियारत कुणी विसरत नाही. चाळीसावाही लक्षात असतो. त्यामधला एकविसावा दिवस मात्र कुणाच्या लक्षात नसतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा सांगतो की मृत्यूची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची, त्याला पैसे पडत नाहीत. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षभर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. 2023 च्या दुरुस्तीपासून हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे.

हे एकवीस दिवस आपल्या बायकांच्या इद्दतीत जातात. चार महिने दहा दिवस ती घरात. कागद करायला दीर जातो, भाचा जातो, आणि दाखलाही त्याच्याच कपाटात राहतो. पुढे हिश्श्याची गोष्ट निघाली की तो दाखला "सापडत नाही". म्हणून प्रत्येक घरात हे सांगा: खबर देणाऱ्याला पहिली प्रत फुकट मिळते, पण फी भरून नोंदीचा उतारा कुणीही मागू शकतं. दीर देत नसेल तर ती स्वतः अर्ज करू शकते. आणखी एक भीती असते, आजाराचं नाव गावात कळेल. कायद्यानेच बंदी आहे, लोकांना दिल्या जाणाऱ्या उताऱ्यावर मृत्यूचं कारण लिहिलं जात नाही.

आता नोंद शोधायची कशी ते सांगते. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, माणूस गेला कुठे? राहत कुठे होता, हे नाही विचारायचं. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. गावात घरी गेला तर ग्रामपंचायतीत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात गेला तर अंबाजोगाईत. घाटीत गेला तर छत्रपती संभाजीनगरला. आपला जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीनंतर गावं रिकामी होतात आणि माणसं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडावर असतात. तिकडे कुणी दगावलं तर मय्यत रातोरात गावी आणतात, दफन गावच्या कब्रस्तानात होतं आणि घरचे गावच्या ग्रामसेवकाकडे दाखला मागतात. त्याच्या रजिस्टरात नोंद नसते, असणारही नाही. ती ज्या गावच्या शिवारात कोपी होती तिथे, किंवा ज्या दवाखान्यात नेलं तिथे शोधायची. टोळीतल्या माणसाला विचारा, मुकादमाला विचारा, दवाखान्याचा कागद शोधा.

दुसरा प्रश्न, कोणत्या नावाने? आपल्या मराठवाड्यातल्या कागदांवर नाव "शेख रशीद शेख अहमद" असं असतं, तर आधारवर "रशीद अहमद शेख". अब्दुलचा "अ." होतो, मोहम्मदचा "मो." होतो. बाईच्या नावापुढे "भ्र." लिहून नवऱ्याचं नाव येतं. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. पि. म्हणजे पिता. "जुलेखाबी" कुठे "जुलेखा बेगम" असते, कुठे नुसती "शेख उस्मानची आई". म्हणून नावावर अडून बसू नका. गाव आणि महिना पक्का करा आणि त्या महिन्याची सगळी पानं बघू द्या, अशी विनंती करा. अर्जात नावाचे सगळे प्रकार लिहा.

तिसरा प्रश्न, कधी? "दुष्काळाच्या साली", "धाकट्याच्या जन्माआधी" अशी उत्तरं येतात. तीही कामाची आहेत, त्यांच्यावरून साल जवळपास काढता येतं. कब्रीवरच्या कतब्यावर हिजरी साल असेल तर तेही उतरवून घ्या. 1400 हिजरी नोव्हेंबर 1979 मध्ये सुरू झालं, तिथून पुढेमागे मोजा. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं.

पणजोबांपर्यंत जायचं असेल तर वेगळी तयारी लागते. सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या काळच्या कागदांवर उर्दू असते आणि साल फसली. फसली सालात 590 मिळवा. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. महिने आजूर, दै, बहमन असे. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं, ते माहीत नसेल तर पुढ्यातला कागदही ओळखू येणार नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसं शोधावी लागली. आपल्यातले बरेच जण मराठी माध्यमात शिकले, उर्दू घरात ऐकली पण वाचता येत नाही. ज्यांना येते त्यांनी ती जपा. अभिलेख कक्षात ती साऱ्या गावाच्या कामाची आहे, फक्त आपल्या नाही.

मृत्यूच्या रजिस्टरात सापडलं नाही तर इतर कागद बघा. गेलेल्याच्या नावावर जमीन असेल तर तलाठ्याचा गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांची नोंदवही बघा. खातेदार कधी वारला आणि मागे कोण आहे, हे तिच्यात असतं. मग वर्तमानपत्रं. बीडच्या "झुंजार नेता"सारख्या दैनिकातली निधनवार्ता चार ओळींची असते, पण "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली" या एका वाक्यात वारसांची यादी येऊन जाते. उर्दू अखबारात इंतेकालच्या खबरीत नमाजे जनाजा कोणत्या मशिदीत आणि तदफीन कोणत्या कब्रस्तानात, तेही असतं. बातमी म्हणजे दाखला नव्हे. पण ती तारीख देते, आणि तारीख मिळाली की रजिस्टरचं पान मिळतं. यातही गरिबाची आणि बाईची बातमी क्वचितच येते, हे विसरू नका.

तारखेवर इतका जोर का? आपल्या वारसा कायद्यात कोण आधी गेलं, यावर हिस्से ठरतात. बापाच्या हयातीत एक मुलगा गेला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर गेलेल्याच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. बाप आधी गेला असेल तर मिळतो. हा नियम बदलावा का, हा वेगळा वाद, त्यावर एकदा स्वतंत्र बसू. पण आज अनाथ नातवंडांचा हक्क दोन तारखांवर उभा आहे, आणि त्या तोंडी सांगायला फक्त चुलते उरलेत, अशी घरं मी पाहिली आहेत.

कुठेच नोंद नसेल तर आधी त्या कार्यालयातून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, मग दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. 2025 च्या सुरुवातीला राज्यात उशिराने दिलेल्या दाखल्यांची विशेष पथकामार्फत चौकशी सुरू झाली आणि मार्चमध्ये शासनाने पद्धत कडक केली. त्या वादात आपल्याच समाजाकडे बोट दाखवलं गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. संतापायला कारण आहे. पण शंभर रुपये जास्त घेऊन "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाचा दाखला उद्या तुमच्याच गळ्यात येईल. खरा पुरावा जोडा आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

शेवटी एक काम देते. याच कायद्याच्या कलम 10 मध्ये दफनभूमी सांभाळणाऱ्यावर मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे कब्रस्तान कमिटी यात बाहेरची नाही. किती गावांत कमिटीकडे दफनाची वही आहे? कफनाचा हिशेब असतो, कब्र खोदणाऱ्याच्या मजुरीचा असतो, माणसाचा नसतो. दोनशे पानी वही घ्या. रकाने एवढेच: पूर्ण नाव, बापाचं आणि आईचं नाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, वय, मृत्यूची जागा, तारीख, दफनाची तारीख, खबर देणाऱ्याची सही. बाईचं स्वतःचं नाव लिहा, "अमक्याची बायको" नको. लहान लेकराचंही लिहा. आणि एक जादा रकाना ठेवा: ग्रामपंचायतीत नोंद झाली का?

दफनानंतर दहाव्या दिवशी कमिटीतल्या एकाने त्या घरी जाऊन हा शेवटचा प्रश्न विचारायचा. तोवर अकरा दिवस हातात असतात. या जुम्म्याला आपापल्या गावच्या कमिटीपुढे हे मांडा. वही विकत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.