टर्की आणि तापमापक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार हा अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’चा, म्हणजे आभार मानण्याचा दिवस. १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठी जाहीर केला. पुढे १९४१ साली कायदा होऊन चौथा गुरुवार कायमचा ठरला. गणपतीला चाकरमानी जसे कोकणात जातात, तशी त्या दिवशी दूरदूरची मुलं आईवडिलांच्या घरी पोहोचतात. आणि बहुतेक घरांत टेबलाच्या मधोमध असते अख्खी भाजलेली टर्की.

या पक्ष्याच्या नावाची मोठी गंमत आहे. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांनी त्याला माणसाळवलं आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तुर्की लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात, तर पोर्तुगीज चक्क ‘पेरू’ म्हणतात! आपल्याकडेही तो फार पूर्वी येऊन गेला आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाईचे प्राणी-पक्षी नेले, त्यांत टर्की होती. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मी रत्नागिरीकडची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. कोंबडी-वडे हा आमच्या घरचा हातखंडा पदार्थ. त्यामुळे टर्की म्हणजे मोठी कोंबडी, त्यात काय अवघड, असं कोणालाही वाटेल. पण यात एक मूलभूत फरक आहे. आपण कोंबडीचे तुकडे करतो, वाटणात घालतो आणि झाकण ठेवून शिजवतो. रश्शात पाणी असतं, आच सगळ्या तुकड्यांना सारखी लागते, आणि एखादा तुकडा दाबून पाहिला की कळतं. अख्ख्या टर्कीचं तसं नाही. सहा-सात किलोंचं ते धूड ओव्हनच्या कोरड्या हवेत भाजायचं असतं. उष्णता बाहेरून हळूहळू आत शिरते. वरचं कातडं सोनेरी, खमंग दिसत असतं आणि मांडीच्या सांध्यापाशी मांस कच्चं असू शकतं.

दुसरी अडचण त्या पक्ष्याच्या शरीरातच आहे. पाळीव टर्की फारशी उडत नाही, पण दिवसभर चालते. म्हणून पायांचं मांस गडद आणि चिवट असतं. ते जास्त तापलं की मऊ होतं. छातीचं मांस पांढरं आणि कमी चरबीचं. ते जास्त तापलं की भुशासारखं कोरडं पडतं. म्हणजे एकाच वेळी, एकाच ओव्हनमध्ये दोन वेगळे पदार्थ शिजवायचे. यामुळे तिथल्या मुरलेल्या गृहिणीही या दिवशी धास्तावलेल्या असतात. एका मोठ्या टर्की कंपनीने तर १९८१ पासून केवळ टर्कीबद्दलच्या शंकांसाठी दूरध्वनीसेवा चालवली आहे.

आमच्या शेजारी एक वयस्कर जोडपं राहत असे. एका वर्षी आजोबांना रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपी चालू होती, प्रतिकारशक्ती पार खालावलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, अर्धकच्चं काही पोटात जाता कामा नये. कोंबडीवर्गीय मांसात साल्मोनेलासारखे जंतू असतात. धडधाकट माणसाला त्यांनी चार दिवस त्रास होईल, पण अशा रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकतं. बाजारात शिजवलेल्या टर्कीचे काप मिळतात, ते आणणं सोपं होतं. पण आजोबांची एकच इच्छा होती. आजवर दर वर्षी टेबलावरची टर्की त्यांनी स्वतः कापून सगळ्यांना वाढली होती. या वर्षीही त्यांना ते करायचं होतं. आजीबाईंची मनगटं संधिवाताने धरलेली, त्यांना जड भांडं उचलवेना. त्यांनी मला विचारलं, ‘तू माझे हात होशील का?’

मग पाच दिवस मी त्यांच्या हाताखाली राबले. चौदा पौंडांची, म्हणजे सव्वासहा किलोंची गोठवलेली टर्की शनिवारीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवली. ती बाहेर ओट्यावर ठेवून वितळवायची नाही, कारण आत बर्फ असतानाच बाहेरच्या भागात जंतू वाढू लागतात. दर चार-पाच पौंडांना एक पूर्ण दिवस, असा हिशोब. बुधवारी पोटातली मान आणि काळीज-पेटा यांची पुडी काढून तिला आतून-बाहेरून मीठ चोळलं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी मांसात परत मुरतं आणि भाजताना ओलावा धरून ठेवतं. मात्र दुकानातल्या काही टर्कींमध्ये मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं. वेष्टनावर तसं लिहिलं असेल तर पुन्हा मीठ चोळायचं नाही.

मी सवयीने टर्की धुवायला निघाले, तेव्हा आजीबाईंनी नळ बंद केला. आपल्याकडे धुतल्याशिवाय मांस भांड्यात पडत नाही, म्हणून मला नवल वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर बेसिनभर आणि ओटाभर पसरतात. जंतू मरतात ते उष्णतेनेच. तिथल्या कृषी खात्याचाही सल्ला हाच आहे.

गुरुवारी ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १६३ अंश सेल्सिअसला तापवला. पोटात पावाचं सारण भरलं नाही, ते वेगळ्या भांड्यात भाजलं. कारण पोटातलं सारण तापायला फार वेळ लागतो. छातीला सोनेरी रंग आल्यावर तेवढ्याच भागावर अॅल्युमिनियमचा कागद झाकला, म्हणजे पाय शिजेपर्यंत छाती कोरडी पडत नाही. या वजनाला तीन ते पावणेचार तास लागतात. पण आजीबाईंचा घड्याळावर भरवसा नव्हता, रंगावरही नव्हता. त्यांचा भरवसा एका सुईसारख्या तापमापकावर. मांडीच्या सर्वांत आतल्या भागात, हाडाला न टेकवता, तो खुपसायचा. मग छातीच्या जाड भागात आणि पंखाच्या सांध्यात. तिन्ही ठिकाणी किमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस यायला हवं.

तीन तासांनी रंग असा सुरेख आला होता, की माझी आई म्हणाली असती, ‘झालं, उतरव.’ छातीत १६० भरले, मांडीत १४८. आजीबाईंनी न बोलता ओव्हनचं दार पुन्हा लावलं. टेबलापाशी माणसं ताटकळलेली, नातवंडं भुकेने कुरकुरत होती. आणखी चाळीस मिनिटं गेली. मग मांडीत १७४ भरले, तेव्हा टर्की बाहेर आली. वर अर्धा तास तशीच ठेवायची, म्हणजे रस मांसात मुरतो.

आजोबांनी बसूनच सुरी चालवली. हात कापत होता, काप जाडेभरडे पडले. पण प्रत्येकाच्या ताटात त्यांनीच वाढलं आणि स्वतःही दोन घास खाल्ले. पुढच्या नोव्हेंबरात ते नव्हते.

श्रोतेहो, आपल्या स्वयंपाकात ‘अंदाज’ या शब्दाला फार मान आहे, आणि तो योग्यच आहे. आईच्या हाताचा अंदाज कोणत्याही यंत्राला यायचा नाही. पण तो अंदाज रोजच्या पदार्थांवर, वर्षानुवर्षांच्या सवयीतून बनलेला असतो. वर्षातून एकदा जो पदार्थ करायचा, आणि ज्या पंगतीत आजारी, वृद्ध, गरोदर बाई किंवा तान्हं मूल आहे, तिथे मोजमाप म्हणजे अविश्वास नव्हे. ती माणसाची काळजी आहे.

आपल्यापैकी अनेकजण मुलांकडे अमेरिकेला जातात. कधी नोव्हेंबरात गेलात आणि सुनेने किंवा जावयाने टर्कीचा घाट घातला, तर जेवायला उशीर होतोय म्हणून घाई करू नका. इथेही आता नाताळला छोट्या ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी भाजतात. आकडा तिलाही तोच, ७४ अंश. तापमापक बाजारात मिळतो आणि काही महाग नसतो. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. हाडं मात्र टाकू नका. मोठ्या पातेल्यात पाणी घालून ती मंद आचेवर उकळली की सुरेख कढण निघतं. आमच्याकडे शुक्रवारी त्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण पडतं आणि टर्कीचा झणझणीत रस्सा होतो. तेवढं मात्र मी अंदाजानेच करते.