कोण कोणत्या दारातून आलं



 गेली २५ वर्षं समुपदेशक म्हणून ज्या वहीत मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आलेल्यांच्या नोंदी केल्या, त्या वहीविषयीच आज तुम्हा समुपदेशकांशी बोलते.

१९८६ मध्ये चेन्नईत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्ही सापडला आणि हा आजार कोणाचा, ते लोकांनी तेव्हाच ठरवून टाकलं. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या बायका, हायवेवरचे ट्रकवाले. तपासण्याही तिथेच व्हायच्या. मग पुण्यात ‘नारी’ या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांचं रक्त तपासलं. १९९७ साली तो अभ्यास छापून आला. त्यात शंभरातल्या जवळजवळ १४ जणी बाधित होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता.

पुढे गरोदर मातांची तपासणी सुरू झाली आणि आमच्या वहीत विशीतल्या सुनांची नावं वाढली. आजार घरात आधीपासून होता, दार तेवढं नवं उघडलं होतं. सातव्या महिन्यातली एक मुलगी मला आठवते. हिरव्या चुड्याचा हात टेबलावर ठेवून ती रिपोर्टकडे बघत राहिली. तिचा रिपोर्ट आधी आला, म्हणून सासूने तिलाच दोष दिला. नवऱ्याला तपासणीला यायला तीन आठवडे लागले. तोही पॉझिटिव्ह निघाला. तोवर तिची माहेरी रवानगी झाली होती. ज्याचा रिपोर्ट आधी येतो त्यालाच लागण आधी झालेली असते, असं नाही. हे आपण घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

आज माझ्यासमोर कॉलेजातली, नोकरीला नुकतीच लागलेली अविवाहित मुलं बसतात. जोडीदारांशी त्यांच्या ओळखी मोबाइलवर होतात. आपले कार्यकर्ते मात्र तपासणीसाठी त्यांना बहुतेकदा बागेत आणि स्टेशनवरच शोधतात.

आणि साठी उलटलेले? त्यांच्यासाठी आपण दारच ठेवलेलं नाही. अंगावर नागीण उठलेली, वजन उतरत चाललेलं, असे एक निवृत्त गृहस्थ दोन वर्षं दवाखाने पालथे घालून माझ्याकडे आले. म्हणाले, “बाई, माझं वय बघून कुणी विचारलंच नाही.” त्यांचा सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारक पेशींचा आकडा, तेव्हा ६० होता.

१ एप्रिल २००४ ला सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरची एआरटी ही औषधं मोफत मिळू लागली, तेव्हा सीडी-४ २००च्या खाली उतरेपर्यंत बहुतेकांना थांबावं लागे. २०१७ पासून निदान झालं की लगेच गोळ्या सुरू होतात. त्या नियमित घेऊन विषाणूंचं प्रमाण तपासणीत न दिसण्याइतकं खाली राहिलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणून उशिरा झालेलं निदान मला सहन होत नाही.

दार उघडायचं म्हणजे न विचारता रक्त घ्यायचं, असं कुणी समजू नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. “कसं झालं?” हा प्रश्नही आधी नको. आधी पाणी द्या, बसू द्या.

उद्या केंद्रात गेलात की गेल्या वर्षीची वही काढा. प्रत्येक नोंदीपुढे लिहा, ही व्यक्ती कोणत्या दारातून आली: प्रसूतिगृह, क्षयरोग विभाग, संस्थेचा कार्यकर्ता, की स्वतःहून. ज्या दारातून वर्षभरात कुणीच आलं नाही, तिथून आपण कामाला लागू.