आठ बाय चारची खोली

आज मला सुतारकामाचं बोलायचं आहे. लगेच रेडिओ बंद करू नका, हे सुतारकाम आपल्याच कामाचं आहे.

पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं, शिवाय तालुक्या-तालुक्याला छोटी प्रदर्शनं असतात. आपला माल तयार असतो. पण मी वही उघडून विचारते, "कोण कोण जाणार?" की बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघतात. अडचण मालाची नसते, रात्रीची असते. मोठ्या प्रदर्शनात राहायची काही ना काही सोय होते. छोट्या ठिकाणी मात्र आपल्या बायका टेबलाखाली सतरंजी टाकून झोपतात, एक झोपते आणि एक जागी राहते. हे घरी कळलं की पुढच्या वेळी परवानगी नाही. मग जातं कोण? ज्यांचे नातेवाईक शहरात आहेत, त्या दोघी. दर वेळी त्याच. गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्यांच्याकडे, कुठला माल खपतो ते त्यांना ठाऊक, भाव त्याच ठरवणार. बाकीच्या आठजणी घरी बसून लाटतात. त्या दोघींची यात काही चूक नाही. पण गट दहाजणींचा आणि बाजार दोघींचा, हे मला सात-आठ वर्षं दिसतं आहे.

म्हणून ही खोलीची गोष्ट. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटारीमागे जोडायची एक छोटी गाडी लोक घरच्या घरी करायला लागले. तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, पुढून गोल आणि मागे निमुळती उतरत गेलेली. ते मंदीचे दिवस होते, हॉटेलला पैसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मासिकांतून तिचे नकाशे छापून येत आणि लोक घराच्या अंगणात ती बांधत. आत दोन माणसं झोपतील एवढीच जागा, उभं राहता येत नाही. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, बाहेरून उघडणारं. मागचं झाकण वर उचललं की ओटा, वर फळ्या, आणि ते झाकणच डोक्यावर छप्पर. बाई बाहेर उभी राहून स्वयंपाक करते, आत अंथरूण घातलेलंच असतं. मी चित्र पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा स्टॉलच दिसला. पुढे झोपायची खोली, मागे विक्रीचं काउंटर.

चाकावरचा संसार आपल्याला नवा नाही म्हणा. बीडकडची ऊसतोड कुटुंबं टायरगाडीत भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या घालून कोल्हापूर-सांगलीकडे येतात, पट्टा पडेपर्यंत तिकडेच राहतात. ती हौस नव्हे, नाइलाज आहे. पण कमी जागेत काय कुठे ठेवायचं हे त्या बायकांना जेवढं कळतं तेवढं कुठल्या इंजिनिअरला कळत नसेल.

आता बांधणी. या गाडीचं माप ठरतं ते प्लायवूडच्या तावावरून. ताव आठ फूट लांब, चार फूट रुंद. अमेरिकेतही तेच माप, आपल्या भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्येही तेच. म्हणून खोली आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. एक ताव तळाला, दोन्ही बाजूंना एकेक, मधली भिंत, ओटा आणि फळ्यांना मिळून एक. झाले चार. छपराला पातळ, चार मिलिमीटरचे दोन ताव लागतात, कारण ते वाकवायचे असतात. मुळशीकडच्या आमच्या एका गटाने गावातल्या सुताराकडून अशी खोली करून घेतली. बाजूच्या तावावर थेंबाचा आकार काढायचा तर सुताराने दोरी आणि खिळा घेतला, कुंकवाचा करंडा काढावा तसा गोल काढला. मग दोन्ही ताव एकावर एक शिकंजात धरून एकदमच कापले. हे लक्षात ठेवा. वेगवेगळे कापले तर दोन बाजू सारख्या येत नाहीत आणि छप्पर पिळतं.

आठ फुटांतले सहा-सव्वासहा फूट झोपायला आणि उरलेले स्वयंपाकघराला. उंच बाईचे पाय अडतात, त्याला तोड अशी की ओट्याच्या खाली पाय जातील एवढी पोकळी ठेवायची. ओट्याचा वरचा भाग बाहेरचा, खालचा भाग आतला. दोन्ही बाजूंना दार हवंच. एकच दार असलेल्या खोलीत मी कुणाला झोपा म्हणणार नाही. आतून कडी आणि समोरासमोर दोन झरोके, जाळी लावलेले. दोन माणसांच्या श्वासाने एवढ्याशा खोलीत सकाळपर्यंत भिंतींना पाणी सुटतं, गाद्या ओल्या होतात. थंडी असली तरी झरोके बंद करू नका. आत शेगडी, कोळसा, धुपाटणं काही न्यायचं नाही. कोंडलेल्या धुराला वास नसला तरी माणूस झोपेतच जातं.

प्लाय घेताना दुकानदार साधा कमर्शियल दाखवेल, स्वस्त आहे म्हणेल. तो एका पावसात फुगतो. तावावर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्लाय. कापलेल्या कडा ही खरी दुखरी जागा, पाणी तिथून शिरतं. कडांना रंगाचे दोन-तीन हात द्या, मग वरून पत्रा. छपराचा पत्रा बाजूंवर उतरवून घ्यायचा, कौलाच्या वळचणीसारखा.

आता चाकांचं. इथे मी गटाला थांबवलं होतं आणि तुम्हालाही थांबवते. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे मोटारीमागे ओढायची कुठलीही गाडी ट्रेलर ठरते आणि तिची नोंदणी लागते. नवा नमुना असेल तर तो मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा दोन संस्था पुण्यातच आहेत, कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. पण तो खटाटोप कारखानदाराचा, आपल्या गटाच्या आवाक्यातला नाही. कुणी वेल्डिंगवाला म्हणाला, "ताई, जुना आस टाकून देतो, जीपला हुक लावतो," तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अपघात झाला तर विमा मिळणार नाही, आणि नुकसान गटाच्या डोक्यावर येईल.

शिवाय ओझ्याचं गणित असतं. ते बैलगाडी हाकलेल्या घरात सांगायला नको. मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त झालं की धुरजड. मोटारीमागच्या गाडीचंही तसंच आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यावा लागतो. मागे जड झाली तर वेगात ती शेपटासारखी हलायला लागते आणि पुढची गाडीही घेऊन जाते. आपलं स्वयंपाकघर नेमकं मागे. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, ते मागच्या कपाटात भरलं की झालं.

म्हणून आमच्या गटाने खोलीला चाकं लावलीच नाहीत. खाली चौकोनी पाइपची चौकट केली आणि तिच्यातून आरपार दोन लांब पाइप जातील अशा नळ्या ठेवल्या. बाजूंना बारा मिलिमीटरचाच प्लाय वापरला, त्यामुळे रिकाम्या खोलीचं वजन दोनशे किलोच्या आत राहिलं. पालखीला खांदा द्यावा तसे दहाजणांनी पाइप धरले की प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलो, म्हणजे एका भरल्या हंड्याएवढं. भाड्याच्या पिकअपमध्ये चढवायची, दोरखंडाने चारी बाजूंनी आवळायची. चालत्या गाडीत आत कुणी बसायचं नाही, पोरंसुद्धा नाही. आणि खोली बांधायच्या आधी भाड्याच्या गाडीच्या हौद्याला टेप लावून या. छोट्या टेम्पोचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, आठ फुटी खोली बाहेर येईल.

गॅसबद्दल एकच सांगते, पण ते पक्कं ऐका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला भोकं तळाशी हवीत, आणि झोपायच्या खोलीत त्याची एक फट उघडता कामा नये. आमच्या गटाने तर सिलिंडर रात्री बाहेरच ठेवायचा ठराव केला. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, हेही सांगून ठेवते. पाच किलोचा छोटा बाजारात मिळतो.

या खोलीत संडास नाही. तो प्रश्न ती सोडवत नाही. पुण्यात २०१६ पासून पीएमपीच्या जुन्या बस घेऊन त्यांत बायकांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहं केली गेली. तसं काही प्रदर्शनाच्या आवाराजवळ आहे का, रात्री उघडं असतं का, हे जागा भरायच्या आधी विचारायचं. आयोजकांना फोन करून विचारायची लाज वाटू देऊ नका. त्यांना दहा गटांनी विचारलं तर अकराव्याच्या आधी ते सोय करतील.

पहिल्या वेळी त्या खोलीत कोण गेलं, सांगू? ज्या कधीच गेल्या नव्हत्या त्यांच्यातल्या दोघी, चिठ्ठ्या टाकून. एकीच्या सासूबाई आधी येऊन खोलीत झोपून बघून गेल्या, कडी चार वेळा लावली-काढली आणि म्हणाल्या, "जा, पण झरोक्याला पडदा शीव." तीन दिवसांनी ती परत आली ती वही घेऊनच. नाचणीचे पापड शहरात लहान पाकिटात जास्त जातात, अर्धा किलोचं कुणी घेत नाही, हे तिनेच बैठकीत मांडलं.

वर्षातले उरलेले दिवस खोली पडून राहते. शेतावर पाहुणे उतरवायला ती ठेवता येईल का, असं एका गटाने विचारलं आहे. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण केलं. २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं, त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. त्याच्या अटी पर्यटन विभागाच्या पुण्याच्या कार्यालयात विचारून घ्या, एजंटाला विचारू नका. तोपर्यंत आमच्या गटाची खोली आंब्याखाली विटांवर ठेवली आहे. ताडपत्री घातली आहे, दारं किंचित उघडी. महिन्यातून एकदा दोघीजणी जाऊन कडांचा रंग बघतात.