रिकामे हात

(छावणीच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला इथं 'कामाचा माणूस' म्हणून उभं केलंय. आज त्याचाच निकाल लावायला आलोय.

माझ्याकडं चार पदं. पाळी संपली की गोदीच्या फाटकावरनं सरळ मोर्चा, तिथनं पोलीस चौकी, मग कुणाचं बारसं, मग फ्लेक्सचा मजकूर, रात्री मीटिंग. फोन कानाला चिकटलेला. चार महिन्यांत एक कविता नाही. आणि खरं सांगतो, याचा मला माज चढला होता. 'टाइम नाही' म्हणताना साला छाती फुगायची.

आमच्या चाळीतलं एक पोरगं आलं. कॉलेजात त्याला जातीवरनं बोलत होते, तक्रार लिहायची होती. मी म्हणलो, उद्या ये. दुसऱ्यांदा म्हणलो, मीटिंग आहे. तिसऱ्यांदा फोनवर बोलत बोलत नुसता हात केला, थांब. तो थांबला नाही. नाव काढून गावी गेला. त्या दिवशी मी कुठं होतो? विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर भाषण ठोकत होतो.

गोदीत बघा. बोटीवर सिग्नलवाला उभा असतो. त्याचे हात रिकामे. खाली बोटीच्या पोटात आमची टोळी, डोक्यावर लटकलेला माल. क्रेनवाल्याला खालचं दिसत नाही, तो ह्याचे हात बघतो. नवा होतो तेव्हा वाटायचं, हा फुकट पगार खातो. पण हाच गोणी उचलायला धावला, तर खाली मुडदा पडंल. मी चळवळीतला गोणी उचलणारा सिग्नलवाला झालो होतो.

आपण बाबासाहेबांचं नाव घेतो आणि सगळं एकट्यानं ओढतो. १९२७ ची महाडची परिषद भरावी म्हणून आर. बी. मोरे राबले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. लढणाऱ्या माणसानं बसून वाचायची जागा केली. बुद्धाचा संघ पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचा. आपण वर्षावासात ग्रंथवाचन ठेवतो, आणि कार्यकर्ता बाहेर मंडपाच्या वायरी ओढतोय!

कुणी म्हणंल, वस्ती पेटलीय आणि हा बसायचं बोलतो. बसणं म्हणजे झोपणं नव्हे. वस्तीवर हात पडंल त्या दिवशी मी पुढंच असणार. पण रोज आग लागल्यागत पळणाऱ्याला खरी आग ओळखू येत नाही.

मी आज तीन पदं सोडतोय. हिशोबाची वही आणि कचेरीची किल्ली मागच्या रांगेतल्या पोरींकडं द्या. दोन वर्षं आपण त्यांना फक्त चहा करायला लावला. रविवारी संध्याकाळी मी कचेरीच्या पायरीवर बसणार, फोन बंद करून. कुणीही यावं.

त्या पोराला पत्र लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. मी वाट बघतोय.

जय भीम.